आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी आणि रिपोर्टमधले आकडे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

सकाळी सांधे का आखडतात याविषयी गेल्या अंकात लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांना रिपोर्टची छायाप्रत जोडलेली होती आणि तिच्यावर एखादा आकडा पेनाने गोल केलेला होता. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ज्याला बोलताना आपण आमवात म्हणतो, त्याच्या रक्ततपासणीविषयीचे प्रश्न म्हणून या वेळी एकत्र घेतले आहेत. सारखे प्रश्न एकाच पत्राखाली आणले असून पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

प्रश्न : माझे वय ५२ वर्षे आहे. वर्षभर जिना उतरताना दोन्ही गुडघे दुखतात. बसून उठले की दोन-चार मिनिटे आखडल्यासारखे वाटते, मग सुटते. सर्वांगीण तपासणीच्या पॅकेजमध्ये आरए फॅक्टरही होता. तो ३८ आला. रिपोर्टवर मर्यादा १४ दिली आहे. अँटी-सीसीपी निगेटिव्ह आहे, ईएसआर आणि सीआरपी या दाह मोजणाऱ्या तपासण्या मर्यादेत आहेत. मला आमवात झाला आहे का? बोटे वाकडी होण्याच्या भीतीने झोप लागत नाही.

उत्तर : आपण लिहिलेल्या तक्रारी आणि जोडलेला रिपोर्ट पाहता आमवाताची शक्यता फारच कमी दिसते. जिना उतरताना वाढणारे, विश्रांतीने कमी होणारे आणि दोन-चार मिनिटांत सुटणारे गुडघ्यांचे आखडणे हे सांध्याच्या झिजेचे वर्णन आहे. आमवातात दुखण्याची चाल वेगळी असते: हातापायांचे लहान सांधे सुजतात, सकाळचे आखडणे अर्धा तास, तासभर किंवा त्याहूनही अधिक टिकते आणि हालचाल केल्यावर ते हळूहळू सैल होते. गुडघे एकदा तज्ज्ञांकडून तपासून घ्यावेत, परंतु बोटे वाकडी होण्याची भीती मनातून काढून टाकावी.

मग ३८ हा आकडा आला कुठून? आरए फॅक्टर हे आपल्याच प्रतिपिंडांविरुद्ध (अँटीबॉडींविरुद्ध) तयार झालेले प्रतिपिंड आहे. आपल्या रक्तातील आयजीजी नावाच्या प्रतिपिंडाला एक दांडा असतो. त्या दांड्याला जाऊन चिकटणारे दुसरे प्रतिपिंड, बहुधा आयजीएम जातीचे, म्हणजे आरए फॅक्टर. नॉर्वेतील एरिक वॉलर यांना १९३७ साली एका रुग्णाच्या रक्तद्रवात मेंढीच्या तांबड्या पेशींच्या अनपेक्षित गुठळ्या होताना दिसल्या. १९४० साली त्यांनी ते प्रसिद्ध केले, आणि १९४८ साली अमेरिकेत हॅरी रोझ यांनी तीच गोष्ट स्वतंत्रपणे पुन्हा दाखवली. तेव्हापासून या तपासणीला दोघांचे जोडनाव मिळाले. पुढे मेंढीच्या पेशींच्या जागी लॅटेक्सचे सूक्ष्म कण आले आणि आता बहुतेक ठिकाणी यंत्र द्रवाचा गढूळपणा मोजून आकडा देते. अडचण नावातच आहे. ‘ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर’ असे नाव पडल्यामुळे तो ज्याच्या रक्तात सापडेल त्याला तो आजार असणारच, असे वाटू लागते. प्रत्यक्षात दीर्घकाळ चाललेल्या संसर्गात शरीर असे प्रतिपिंड बनवतच असते. क्षयरोग, कुष्ठरोग, हिपॅटायटिस सी, हृदयाच्या झडपांना होणारा जंतुसंसर्ग आणि डोळे व तोंड कोरडे पडण्याचा श्योग्रेन नावाचा आजार या सर्वांत आरए फॅक्टर सापडू शकतो. काहीही आजार नसलेल्या शंभर जणांत साधारण पाच जणांत तो कमी प्रमाणात असतो आणि वय वाढेल तसे हे प्रमाण आणखी वाढते.

येथे थोडा हिशेब करून पाहणे उपयोगी पडेल, कारण या विषयातील निम्मा गोंधळ त्या हिशेबाअभावी होतो. अनेक अभ्यास एकत्र करून २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात आमवात असलेल्यांपैकी सुमारे ६९ टक्के जणांत आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आढळला, आणि आमवात नसलेल्यांपैकी सुमारे १५ टक्के जणांतही तो पॉझिटिव्हच होता. आता कोणतीही विशेष तक्रार नसलेल्या एक हजार माणसांची सरसकट तपासणी केली असे समजा. त्यांपैकी फार तर १० जणांना आमवात असेल. त्या दहांतील सात पॉझिटिव्ह येतील. विश्लेषणातले १५ टक्के धरले, तर उरलेल्या ९९० जणांतील सुमारे १४८ जणही पॉझिटिव्ह येतील. म्हणजे ‘पॉझिटिव्ह’ असा रिपोर्ट हाती घेऊन घरी जाणाऱ्या १५५ जणांपैकी खरा रुग्ण शंभरी चार-पाचच. तीच तपासणी सांधे सुजलेल्या, तज्ज्ञांनी हात लावून पाहिलेल्या अशा एक हजार माणसांची करा, ज्यांतील निम्म्यांना आमवात आहे. तेथे पाचशेतील ३४५ खरे आणि ७५ खोटे पॉझिटिव्ह येतील; म्हणजे शंभरी ८२ खरे. रसायने, यंत्र आणि मर्यादा यांत काडीचाही फरक झालेला नाही. फरक फक्त कोणाचे रक्त काढले यात आहे. म्हणूनच सरसकट तपासणीच्या पॅकेजमध्ये आरए फॅक्टर घालणे मला पटत नाही. ज्याच्याविषयी प्रश्नच पडलेला नाही त्याचे उत्तर हातात ठेवले, की माणूस त्या उत्तराला साजेसा आजार शोधत फिरतो.

प्रश्न : मी विज्ञान शिकवते. माझ्या आईला आमवात आहे. डॉक्टर म्हणाले, आरए फॅक्टरपेक्षा अँटी-सीसीपी अधिक भरवशाची तपासणी आहे. ती नेमके काय शोधते आणि भरवशाची का?

उत्तर : सीसीपी या तीन अक्षरांचा अर्थ आहे चक्राकार, सिट्रुलिनयुक्त पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा. यातील सिट्रुलिन हे अमिनो आम्ल १९१४ साली कलिंगडाच्या रसातून वेगळे काढले गेले आणि कलिंगडाच्या ‘सिट्रुलस’ या शास्त्रीय नावावरून त्याचे बारसे झाले. (कलिंगड खाल्ल्याने ही तपासणी पॉझिटिव्ह येत नाही. हे लिहिणे हास्यास्पद वाटेल, पण हा प्रश्न मला एकाहून अधिक वेळा विचारला गेला आहे.) प्रथिने बांधताना आपल्या पेशी ज्या वीस अमिनो आम्लांचा वापर करतात त्यांत सिट्रुलिन नाही. प्रथिन बांधून झाल्यानंतर त्यातील आर्जिनिनवर ‘पॅड’ नावाची एन्झाइमे काम करतात आणि त्याचे सिट्रुलिन करतात. आर्जिनिनवर धन विद्युतभार असतो, सिट्रुलिनवर तो नसतो. एवढ्या बदलानेही प्रथिनाची घडी सैल पडू शकते आणि ज्या प्रथिनाला शरीर आपले म्हणून ओळखत होते ते काहींच्या प्रतिकारयंत्रणेला परके वाटू लागते. येथे एक गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनाही सांगण्याजोगी आहे: सिट्रुलिन तयार होणे हा आजार नव्हे. त्वचेच्या वरच्या थरात ते नित्य तयार होते आणि कोणत्याही कारणाने सुजलेल्या सांध्यात ते सापडते. त्याच्याविरुद्ध टिकाऊ प्रतिपिंडे तयार होणे, हे मात्र मुख्यतः आमवाताचे लक्षण आहे.

या शोधाची वाट वाकडीतिकडी आहे. १९६४ साली नेदरलँड्समधील दोन संशोधकांना असे दिसले, की आमवाताच्या रुग्णांच्या रक्तातील काही प्रतिपिंडे गालाच्या आतून खरवडलेल्या पेशींमध्ये केंद्रकाभोवतीच्या कणांना चिकटतात. तपासणी चांगली होती, पण कोणाच्याही गालाच्या पेशी चालत नसत. योग्य दाता शोधावा लागे, आणि म्हणून ती मोजक्या प्रयोगशाळांबाहेर गेली नाही. १९७९ साली उंदराच्या अन्ननलिकेच्या अस्तराला चिकटणारी प्रतिपिंडे सापडली. ही दोन्ही एकाच घराण्यातील आहेत आणि त्यांचे लक्ष्य फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जातकुळीतले आहे, हे १९९०च्या दशकात कळले. फिलॅग्रिन तर त्वचेत असते. सांध्यात ते नसतेच! कोडे सुटले ते १९९८ साली, जेव्हा प्रतिपिंडे प्रथिनाच्या नावाकडे पाहत नसून त्यातल्या सिट्रुलिनकडे पाहतात असे दाखवण्यात आले. मग प्रयोगशाळेत सिट्रुलिन असलेला छोटा तुकडा बनवून त्याची दोन टोके जोडून कडे केले, जेणेकरून सिट्रुलिन बाहेरच्या बाजूला उघडे राहील आणि प्रतिपिंड त्याला सहज धरेल. सरळ तुकड्यापेक्षा या कड्याला अधिक रुग्णांची प्रतिपिंडे लागली. २००० साली ही तपासणी मांडली गेली आणि दोनच वर्षांत तिची सुधारलेली आवृत्ती आली. तेव्हा तपासणीत वापरलेले सीसीपी हे गळाला लावलेले आमिष आहे. सांध्यातील खरे लक्ष्य फायब्रिनोजेन, व्हायमेंटिन यांसारखी सिट्रुलिनयुक्त प्रथिने असतात.

भरवशाविषयी सांगायचे तर वर उल्लेखिलेल्या विश्लेषणात आमवात असलेल्यांपैकी सुमारे ६७ टक्के अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह होते. म्हणजे आजार पकडण्यात ही तपासणी आरए फॅक्टरपेक्षा सरस नाही. ती सरस आहे ती खोटा पॉझिटिव्ह न देण्यात. आमवात नसलेल्यांपैकी सुमारे ५ टक्केच पॉझिटिव्ह आले. मागच्या उत्तरातील सुजलेल्या सांध्यांची हजार माणसे पुन्हा घेतली, तर येथे ३३५ खरे आणि २५ खोटे पॉझिटिव्ह येतील, शंभरी ९३ खरे. सरसकट तपासणीत मात्र हीसुद्धा शंभरी बाराच खरे देईल. सक्रिय क्षयरोगात अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह येऊ शकते हे डॉक्टरांनी विशेष लक्षात ठेवावे, कारण आमवाताच्या औषधांनी प्रतिकारशक्ती दबते आणि दडलेला क्षय उसळू शकतो.

आपल्या आईंच्या बाबतीत या तपासणीचा आणखी एक उपयोग आहे. अँटी-सीसीपी, विशेषतः मोठ्या प्रमाणात, असलेल्या रुग्णांत सांध्यालगतचे हाड कुरतडले जाण्याचा धोका अधिक असतो. आरए फॅक्टर खूप वाढलेला असेल तर कोपरांजवळ गाठी येणे, रक्तवाहिन्यांचा दाह होणे यांसारख्या सांध्याबाहेरच्या गोष्टींकडे लक्ष ठेवावे लागते आणि दोन्ही प्रतिपिंडे असताना फुप्फुसांकडेही. रेंगाळणारा कोरडा खोकला किंवा चढावर पूर्वी न लागणारा दम आईंनी डॉक्टरांना जरूर सांगावा.

प्रश्न : तीन महिन्यांपासून माझ्या दोन्ही हातांची बोटे आणि मनगटे सुजतात. सकाळी ब्रशवर टूथपेस्ट पिळता येत नाही. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी दोन्ही निगेटिव्ह असूनही तज्ज्ञांनी आमवात सांगून औषध सुरू केले. घरचे म्हणतात, रिपोर्ट स्वच्छ असताना इतकी जबर औषधे कशाला? मी काय करावे?

उत्तर : औषध सुरू ठेवावे आणि शंका असल्यास ती त्याच तज्ज्ञांसमोर मांडावी, रिपोर्ट स्वच्छ आहे या कारणाने औषध बंद करू नये. आमवाताच्या रुग्णांपैकी साधारण पाचवा ते तिसरा हिस्सा असा असतो की त्यांच्या रक्तात ही दोन्ही प्रतिपिंडे सापडत नाहीत. आजार सांध्याच्या अस्तरात असतो. प्रतिपिंडे ही त्याची एक साक्ष आहे, एकमेव साक्ष नव्हे.

अमेरिकेतील व युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी २०१० साली जे निकष ठरवले त्यांत ही गोष्ट आकड्यांत मांडलेली आहे. एकूण दहा गुण, त्यांपैकी सहा मिळाले तर आमवात धरायचा. सांध्यांना जास्तीत जास्त पाच गुण, प्रतिपिंडांना तीन, ईएसआर किंवा सीआरपी वाढल्यास एक आणि त्रास सहा आठवडे किंवा अधिक असल्यास एक. प्रतिपिंड मर्यादेच्या तिपटीपर्यंत असेल तर दोन गुण, तिपटीहून अधिक असेल तर तीन. आपल्या पत्रात दोन्ही मनगटे आणि बोटांचे मिळून दहाहून अधिक सांधे सुजल्याचे दिसते. त्याचे पाच, रिपोर्टमधील वाढलेल्या सीआरपीचा एक आणि तीन महिन्यांच्या त्रासाचा एक असे सात गुण प्रतिपिंडांशिवायच होतात. चारच लहान सांधे सुजले असते तर सांध्यांचे तीन धरून एकूण पाचच गुण झाले असते आणि निकष पूर्ण झाला नसता. त्याचा अर्थ आजार नाही असा होत नाही. हे निकष मुळात संशोधनासाठी रुग्णांचे वर्गीकरण करण्याकरिता केलेले आहेत. समोरच्या माणसाच्या हातावर निर्णय घेताना ते मदतीला असतात, मालक नसतात. या गुणांची पहिली अट अशी, की किमान एका सांध्यात खरी सूज असावी आणि तिचे दुसरे चांगले स्पष्टीकरण नसावे. त्यामुळे पहिल्या पत्रातील ताईंना आरए फॅक्टरसाठी दोन गुण द्यायची वेळच येत नाही.

आपल्या तज्ज्ञांनी बोटांच्या मुळाशी असलेले चारही सांधे आडव्या बाजूंनी हलकेच दाबून पाहिले असतील. हस्तांदोलनात दुखते ते याच जागी. झिजेत सांधा हाताला गाठीसारखा कठीण लागतो. आमवातात तो पिकायला आलेल्या फळासारखा मऊ आणि दबणारा लागतो, वरची कातडी ताणलेली असते आणि उंचवट्यांमधल्या खळग्या भरून आलेल्या असतात. ही गोष्ट कोणत्याही रिपोर्टवर छापून येत नाही. प्रतिपिंडे निगेटिव्ह असताना तज्ज्ञ सोरायसिस, पार्व्होव्हायरस, चिकुनगुनिया आणि इतर काही कारणे आहेत का हेही पाहतात, आणि शंका राहिलीच तर सोनोग्राफीने अस्तराची सूज पाहता येते. डोक्यात किंवा कोपरांवर खवले येत असतील, घरात कोणाला सोरायसिस असेल, तर न विचारताही सांगावे. खेदाची गोष्ट अशी की निगेटिव्ह रिपोर्टमुळे अशा रुग्णांचे निदान लांबते आणि तो काळ सांध्यांना महागात पडतो.

प्रश्न : एका लॅबमध्ये अँटी-सीसीपी ४२ आली आणि पंधरा दिवसांनी दुसऱ्या लॅबमध्ये ९५. पंधरा दिवसांत आजार दुप्पट झाला का?

उत्तर : नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटमधले आमिष, मोजण्याची पद्धत आणि एकके वेगवेगळी असतात, त्यामुळे एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी ताडून पाहता येत नाही. आकड्याच्या शेजारी छापलेली मर्यादा पाहावी आणि आपला आकडा तिच्या किती पट आहे एवढेच लक्षात घ्यावे. आपले दोन्ही रिपोर्ट पॉझिटिव्ह आहेत, एवढाच त्यांचा अर्थ. केस आणि नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्यापूर्वी लॅबला सांगावे. काही यंत्रांच्या तपासणी-पद्धतीत बायोटिनचा मोठा डोस ढवळाढवळ करतो. या तपासण्यांसाठी उपाशीपोटी राहण्याची गरज नसते.

आणखी एका वाचकांनी विचारले आहे की आरए फॅक्टरमुळे इतर तपासण्या चुकू शकतात का. होय. विषाणूंविरुद्धची आयजीएम शोधणाऱ्या काही तपासण्यांत आरए फॅक्टर लुडबुड करून खोटा पॉझिटिव्ह निकाल देऊ शकतो. अशी तपासणी करताना आपल्याला आमवात आहे हे सांगणे म्हणून शहाणपणाचे.

प्रश्न : ‘आर्थ्रायटिस प्रोफाइल’मध्ये एएसओ आणि युरिक अॅसिडही असते. त्यांचा आमवाताशी काय संबंध?

उत्तर : काहीही नाही. एएसओ हे घशात होऊन गेलेल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूच्या संसर्गाची खूण आहे. तिचा उपयोग ऱ्हुमॅटिक फिव्हर या वेगळ्याच, मुख्यतः मुलांच्या आजाराच्या संदर्भात होतो. युरिक अॅसिड गाउट या सांध्यांच्या दुसऱ्या आजारासाठी पाहतात.

प्रश्न : दोन वर्षांच्या उपचारांनंतर माझी सूज आणि दुखणे जवळजवळ गेले आहे. मेथोट्रेक्झेट चालू आहे. पण अँटी-सीसीपी अजूनही २०० च्या वर आहे. दर तीन महिन्यांनी मी ती करून घेतो आणि दर वेळी निराश होतो. औषध लागू पडत नाही का?

उत्तर : औषध उत्तम लागू पडले आहे. आपल्याला निराश करते आहे ती तपासणी, आणि ती निराशा विनाकारण आहे. अँटी-सीसीपी हे आजाराच्या जातीचे लक्षण आहे. आजच्या घडीला आजार किती पेटला आहे हे त्यावरून कळत नाही. उपचारांनी आरए फॅक्टर बरेचदा काहीसा उतरतो, अँटी-सीसीपी मात्र वर्षानुवर्षे फारशी हलत नाही, रुग्ण ठणठणीत फिरत असतानाही नाही. निदानाच्या वेळी ती एकदा नीट केली की पुन्हा पुन्हा करण्याचे कारण उरत नाही. सुरुवातीला ती निगेटिव्ह होती आणि आजाराचे चित्र धूसर आहे, अशा वेळी तज्ज्ञ काही महिन्यांनी ती एकदा पुन्हा सांगू शकतात, तो अपवाद.

आजची आग मोजण्यासाठी वेगळी मापे आहेत. ईएसआर आणि सीआरपी ही प्रतिपिंडे नव्हेत. ती दाहाची मापे आहेत आणि म्हणून ती उपचारांबरोबर चढतात-उतरतात. त्यांपैकी एक, २८ सांध्यांतील सुजलेल्या व दुखऱ्या सांध्यांची संख्या आणि रुग्णाने स्वतः आपल्या प्रकृतीला दिलेले गुण यांतून डास-२८ नावाचा एक आकडा काढतात. तो २.६ च्या खाली असेल तर आजार शांत, ५.१ च्या वर असेल तर फार सक्रिय. तीन महिन्यांनी एखादा आकडा पाहायचाच असेल तर तो हा पाहावा. त्याबरोबर मेथोट्रेक्झेटसाठी लागणाऱ्या यकृताच्या आणि रक्तपेशींच्या तपासण्या चुकवू नयेत. मी अनेकांच्या फायलींत अँटी-सीसीपीचे आठ-दहा रिपोर्ट ओळीने लावलेले पाहतो आणि त्याच फायलीत वर्षभरात पांढऱ्या पेशींची मोजणी झालेली नसते. हे उलटे झाले पाहिजे.

आपल्या २०० या आकड्याचा एका ठिकाणी मात्र विचार करावा लागेल. बरे वाटू लागले की औषध बंद करावेसे वाटते. अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह असलेल्यांत औषध थांबवल्यावर आजार उलटण्याचा धोका अधिक असतो, म्हणून मात्रा कमी करायचीच झाली तर ती तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, सावकाश आणि एका वेळी एकाच औषधाची करावी. पुढे कधी मेथोट्रेक्झेट पुरेनासे झाले तर दुसऱ्या औषधाची निवड करतानाही या तपासणीचा उपयोग होतो. रिटुक्सिमॅब हे औषध प्रतिपिंडे बनवणाऱ्या मालिकेतील बी पेशी कमी करते, आणि ज्यांच्यात ही प्रतिपिंडे आहेत त्यांना त्याचा गुण अधिक येतो.

प्रश्न : माझ्या मोठ्या बहिणीला आमवात आहे. घाबरून मीही तपासणी केली. अँटी-सीसीपी मर्यादेच्या चौपट आली, पण माझा एकही सांधा दुखत नाही. वय ३४, दिवसाला आठ-दहा सिगारेटी ओढतो. मला आजार होणार का? आतापासूनच औषध घ्यावे का?

उत्तर : तक्रार नसताना ही तपासणी करू नये असे मी वर लिहिले आहे, पण ती झाली आहे, तेव्हा आता तिच्याकडे पाठ फिरवण्यात अर्थ नाही. प्रतिपिंडे आजाराच्या आधी येऊ शकतात हे निश्चित आहे. नेदरलँड्समध्ये पुढे आमवात झालेल्या ७९ रक्तदात्यांचे पूर्वीचे साठवलेले रक्त तपासले गेले आणि त्यावरील निबंध २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या रक्तात तक्रारी सुरू होण्यापूर्वीच आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी किंवा दोन्ही सापडली, आणि तीही मध्यमानाने साडेचार वर्षे आधी. ही उलट्या दिशेने केलेली मोजणी आहे: आधी रुग्ण घेतले आणि मग मागे वळून पाहिले. प्रतिपिंडे असलेल्या प्रत्येकाला आजार होतो असे त्यातून निघत नाही. अनेकांना तो कधीच होत नाही.

औषधाविषयी सांगायचे तर या टप्प्यावर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन देऊन आजार टाळता आला नाही. सांधे नुसते दुखू लागलेल्यांना वर्षभर मेथोट्रेक्झेट देऊनही तो टळला नाही, जरी त्रास काहीसा सौम्य झाला. अबाटासेप्ट या इंजेक्शनाविषयी २०२४ साली दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. त्यांत आजाराचे प्रमाण घटले, परंतु इंजेक्शन थांबवल्यावर काळ जाईल तसा तो फायदा ओसरत गेला. आणि त्यातील माणसांना सांधेदुखी होती, आपल्याला तीही नाही. त्यामुळे आज आपल्यासाठी औषध नाही.

सिगारेटच्या बाबतीत मात्र करण्याजोगे आहे. आमवाताशी जोडलेली एक जनुकीय ठेवण एचएलए या समूहात असते आणि ती घरात वारशाने उतरते. ती ठेवण असलेल्या माणसाने धूम्रपान केले तर अँटी-सीसीपी असलेल्या आमवाताचा धोका नुसती बेरीज होऊन थांबत नाही, त्याहून कितीतरी वाढतो. धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसांत सिट्रुलिनयुक्त प्रथिने अधिक आढळतात, आणि प्रतिपिंडांची सुरुवात सांध्यात न होता तेथे किंवा हिरड्यांत होत असावी असे मानण्यास आधार आहे. हिरड्यांच्या आजारातील पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस या जंतूकडे तर आर्जिनिनचे सिट्रुलिन करणारे स्वतःचे एन्झाइम आहे. जनुके बदलता येत नाहीत. सिगारेट सोडता येते आणि दंतवैद्यांकडून हिरड्या तपासून घेता येतात. आपण यातील एकच करणार असाल तर सिगारेट सोडावी, आणि ती ‘कमी’ न करता सोडावी.

तपासणी पुन्हा करत बसू नये. त्याऐवजी आपल्या हातांकडे लक्ष असू द्यावे. सकाळी मूठ पूर्ण वळत नाही, अर्ध्या तासानंतरही बोटे जड राहतात, अंगठी अचानक घट्ट होते किंवा पायांच्या बोटांच्या मुळाशी खडा टोचल्यासारखे वाटते, असे दोन आठवडे सलग झाले तर संधिवाततज्ज्ञांची वेळ घ्यावी. सूज दिसत असेल त्या दिवशी दोन्ही हात शेजारी ठेवून उजेडात फोटो काढून ठेवावा, कारण वेळ मिळेपर्यंत ती कधीकधी ओसरते. भेटीला जाताना तो फोटो, हा रिपोर्ट आणि बहिणीच्या आजाराची माहिती बरोबर न्यावी.